घराची चिकटवही

साठवण आणि अडगळ यांच्यामधील सीमारेषा फार पुसट असते. जिचा अर्थ सांगणारें माणूस घरांत आहे ती वस्तु साठवण, आणि जिचा अर्थ सांगणारें कोणी उरलें नाहीं ती अडगळ, एवढाच काय तो भेद. प्रत्येक जुन्या घरांत एक तरी पेटी अशी असते कीं, तिच्यांतील निम्म्या वस्तू या दोहोंच्या मध्यें लोंबकळत असतात. लग्नपत्रिका, पोस्टकार्डें, आगगाडीचीं तिकिटें, विटलेल्या लुगड्याचा कांठ, कोणाच्या तरी बारशाच्या कुंचीचा तुकडा! घर एकत्र असतें तोंवर या पेटीकडे कोणी ढुंकून पाहत नाहीं. घर मोडावयाची वेळ आली म्हणजे मात्र ती कोणाकडे जावी हा प्रश्न दागिन्यांच्या वाटणीइतकाच अवघड होऊन बसतो.

आमच्याकडे हा प्रसंग २०१९ सालीं आला. वाईचा आमचा वाडा उतरवावयाचें ठरलें. चौघे भाऊ चार गांवीं, त्यांचीं मुलें त्याहूनही दूर, आणि दोघें तर परदेशीं स्थायिक झालेलीं. भांडींकुंडीं वाटलीं गेलीं, देव थोरल्यांकडे गेले. राहिली ती कागदांची आणि कापडांची पेटी. तिचे चार वांटे करणें म्हणजे एकाच पोथीचीं पानें चौघांत वांटण्यासारखें होतें. तेव्हां आम्हां चौघी जावांना एक युक्ति सुचली. पेटी फोडूं नये. तिच्यावरून चार चिकटवह्या कराव्या, म्हणजे प्रत्येक घरीं सगळें घर जाईल. आणि शिवाय कॅनव्हासवर कापड, कागद, लांकूड, धातु यांचा मिळून एक मोठा चित्रफलक करावा, तो दरवर्षीं पाळीपाळीनें एकेका घरीं राहावा.

हें ऐकून पुष्कळांना हंसूं येईल. चिकटवही म्हटली कीं शाळेंतील मुलांनीं वर्तमानपत्रांतून कापलेलीं क्रिकेटपटूंचीं चित्रेंच डोळ्यांपुढें उभीं राहतात. परंतु या कलेचें कुळ लहान नाहीं. इंग्लंडांत मेरी डिलेनी नांवाच्या एका बाईंनीं १७७२ सालीं, वयाच्या बहात्तरीच्या सुमारास, रंगीत कागदाच्या बारीक कातरणांतून काळ्या पार्श्वभूमीवर फुलें रचावयास आरंभ केला. त्या दोनदां विधवा झालेल्या होत्या. एकेका फुलाला कधीं कधीं शेंकडों तुकडे लागत. दृष्टि मंद होईपर्यंत, म्हणजे दहा वर्षांत, त्यांनीं सुमारें हजार फुलें केलीं, आणि तीं आज लंडनच्या ब्रिटिश म्यूझियममध्यें जपून ठेवलेलीं आहेत. मार्क ट्वेन या विनोदी लेखकाला चिकटवह्यांचा इतका नाद कीं, आधींच डिंक लावून ठेवलेल्या पानांच्या वहीचें पेटंट त्यानें १८७३ सालीं घेतलें. पुढें १९१२ मध्यें पिकासोनें आपल्या एका चित्रांत वेताच्या विणीचा छाप असलेलें मेणकापड चिकटवलें आणि चौकटीच्या जागीं चक्क दोर बसविला. तेव्हांपासून चिकटकाम हा बैठ्या बायकांचा वेळ घालविण्याचा उद्योग राहिला नाहीं. चित्रकारांच्या दिवाणखान्यांत त्याला ‘कोलाज’ या नांवानें मानाचा पाट मिळाला.

आणि आपल्याकडे तरी तो कोठें नवा आहे? तंजावरची चित्रें पाहा. फणसाच्या लांकडाची फळी, तिच्यावर कापड, त्यावर खडूची भुकटी आणि चिकटद्रव्य यांचा उठाव, त्यावर सोन्याचा वर्ख आणि कांचेचे खडे! तेथील भोसले राजांच्या, विशेषतः दुसऱ्या सरफोजीच्या, आश्रयानें ही कला भरभराटीस आली. राजा रविवर्म्याचा शिळाछापखाना मुंबईंत १८९४ मध्यें निघाला आणि त्याचीं देवदेवतांचीं चित्रें घरोघर गेलीं. तेव्हां लक्ष्मीच्या छापील शालूवर खऱ्या जरीचे धागे, टिकल्या आणि मणी बसविण्याचें काम घराघरांतील बायकांनींच केलें. रुखवत तरी दुसरें काय असतें? आणि गोधडी? फाटलेल्या लुगड्यांचे, धोतरांचे, परकरांचे तुकडे एकाखालीं एक घालून टांके घालणारी आजी कोलाजच करीत होती. मात्र तें भिंतीवर टांगावयाचें नसून नातवंडांच्या अंगावर घालावयाचें होतें.

या गोधडीनेंच आमचा पहिला तंटा मिटविला. सासूबाईंच्या इरकली लुगड्याला कात्री लावणें धाकट्या जाऊबाईंच्या जिवावर आलें होतें. लुगडें घड्यांवर विरलें होतें, कांठ मात्र शाबूत होता. आमच्या वडील जाऊबाई एवढेंच म्हणाल्या, “सासूबाईंनीं स्वतः कधीं फाटकें लुगडें पेटींत ठेवलें होतें का? त्यांनीं त्याची गोधडी केली असती.” त्यावर कोणी कांहीं बोललें नाहीं. मग नियमच ठरला. जें कापड मुळांतच विरलें आहे तेंच कापावें. धडक्याला हात लावूं नये. कागदाबाबत नियम त्याहून कडक होता. मूळ कागद कापावयाचा नाहीं, चिकटवावयाचा नाहीं. स्कॅनरवर त्याची प्रत घ्यावी, ती प्रत वहींत लावावी, आणि मूळ पत्र आम्लरहित कागदाच्या पाकिटांत घालून पुन्हां पेटींत ठेवावें.

ज्यांना हें काम करावयाचें असेल त्यांच्यासाठीं चार गोष्टी सांगतें. वर्तमानपत्राचा कागद लांकडाच्या भरड लगद्याचा असतो. उजेड आणि हवा लागून तो पिवळा पडतो, तुटतो, आणि शेजारच्या पानालाही डाग देतो. म्हणून कात्रणाची प्रतच लावावी. वहीसाठीं सुती चिंध्यांचा हातकागद उत्तम. एके काळीं जुन्नर आणि दौलताबाद येथील कागद प्रसिद्ध होता. पुण्यास १९४० मध्यें हातकागदाची संस्थाच स्थापन झाली. चिकटविण्यास गव्हाची खळ सर्वांत विश्वासू, कारण पुढें कधीं पान सोडवावयाचें झालें तर ती पाण्यानें सुटते. जुने बुकबाइंडर कसर लागूं नये म्हणून तींत मोरचूद घालीत. परंतु तें विषारी असल्यानें, मुलें हाताशीं असतांना खळ थोडी थोडी ताजीच करावी. पारदर्शक चिकटपट्टी सोयीची खरी, पण कांहीं वर्षांनीं तिचा चिकटा कागदांत उतरून तपकिरी डाग पडतो. फोटोंना पाठीमागून कांहींच लावूं नये. जुन्या आल्बमांप्रमाणें कागदी कोपऱ्यांत ते बसवावे. कॅनव्हासवर कापड टांकावें, चिकटवूं नये. आणि कोयंडा, कडी, कुलूप अशा जड वस्तू मागून तारेनें बांधाव्या. सुतारानें फळ्यांच्या सांध्यासाठीं सरस सुचविला होता. पण सरस कशाचा करतात हें ठाऊक असल्यामुळें वडील जाऊबाईंनीं तो उंबऱ्याच्या आंत येऊं दिला नाहीं, आणि बाभळीच्या डिंकानें काम उत्तम भागलें.

येथवरच्या अडचणी हाताच्या होत्या. खरी अडचण पुढेंच होती, आणि ती आत्याबाईंच्या पानाची.

आत्याबाई म्हणजे आमच्या सासऱ्यांच्या थोरल्या भगिनी. तेराव्या वर्षीं त्यांना वैधव्य आलें, आणि तेव्हांपासून १९७८ सालीं जाईपर्यंत त्या माहेरींच होत्या. माझ्या लग्नानंतर सात वर्षें मीं त्यांना पाहिलें. पहाटे सर्वांच्या आधीं उठत, रात्रीं सर्वांच्या मागून निजत. मधला सगळा वेळ हातांत कापूस नाहीं तर पोळपाट. पेटींत फोटो मोजून सदतीस निघाले. त्यांतील एकाहींत आत्याबाई नव्हत्या. मुंज, लग्न, साठीशांत, कोठेंच नाहींत. फोटो काढणारा आला कीं त्या स्वयंपाकघरांत जात, आणि त्यांना ‘या’ म्हणून कोणी बोलावीत नसे.

त्यांच्या म्हणून तीनच वस्तू सांपडल्या. लक्षवातीच्या संकल्पांतून उरलेली वातींची एक जुडी, एक जपमाळ, आणि पुठ्ठा निखळलेली हिशेबाची वही. वही १९३० ते १९३४ ची. अक्षर बाळबोध, मोठें, जपून काढलेलें. ‘वातींचे चार आणे.’ ‘पापडांचे सहा आणे.’ ‘शेवया, पांच आणे.’ आणि प्रत्येक महिन्याच्या अखेरीस एकच खर्च, ‘शाळेची फी, एक रुपया.’ पुढें कंसांत आमच्या सासऱ्यांचें लहानपणचें नांव. आमच्या घरीं समजूत अशी कीं, ती फी मामंजींचे वडील भरीत. मामंजी पुढें शिक्षक झाले, त्यांचीं चारही मुलें पदवीधर झालीं, नातवंडें परदेशीं गेलीं. आणि त्या सर्वांच्या मुळाशीं दुसऱ्यांच्या देवापुढें जळणाऱ्या वाती होत्या, हें आम्हांला ऐंशीपंच्याऐंशी वर्षांनीं कळलें.

आम्हां जावांच्या मनांत शंकाच नव्हती. हें पान वहींत पहिलें, आणि चित्रफलकावर मध्यभागीं! परंतु थोरले दीर, ज्यांना सर्वजण अण्णा म्हणतात, ते गंभीर झाले. ते म्हणाले, “जिनें जन्मभर स्वतःला मागें ठेवलें, तिला न विचारतां आज पुढें ओढण्याचा अधिकार आपल्याला कोणीं दिला? सांगावयाचें असतें तर तिनें नानांनाच सांगितलें नसतें काय? फलक चार घरीं फिरणार, येणारा जाणारा तो पाहणार. तिच्या आणे-पैशांचें प्रदर्शन मला करवणार नाहीं.”

त्यावर धाकट्या जाऊबाई शांतपणें म्हणाल्या, “पण अण्णा, मागें राहणें त्यांनीं पत्करलें होतें, कीं आपल्या घरानें त्यांच्यावर लादलें होतें?”

या दोन प्रश्नांपैकीं एकाचें उत्तर देतां आलें तरी दुसरा शिल्लक राहतो. मला अण्णांचा आक्षेप अभिमानाचा वाटला नाहीं, आणि जाऊबाईंचा प्रश्न उद्धटपणाचा वाटला नाहीं. आपण सर्व वेळ ‘वांटणें’ हा शब्द चांगल्या अर्थानें वापरतों. प्रसाद वांटतों, आनंद वांटतों. परंतु माणसाच्या आठवणी वांटतांना त्या कोणाच्या मालकीच्या आहेत हें विचारावें लागतें. आणि ज्याला विचारावयाचें तो माणूस बहुधा गेलेला असतो. आजकाल फोटो काढला कीं तत्क्षणीं शंभरांना पोंचतो, त्या सोयीमुळें हा प्रश्न जुना न होतां उलट अधिकच जवळ आला आहे.

आठवडाभर विचार करून आम्हीं अखेर विभागणी केली. जें घरच्यांनीं जाणलेंच पाहिजे तें वहींत. जें परक्यानें पाहिलें तरी चालेल तें फलकावर. आणि जें केवळ तिचें आणि तिच्या देवाचें होतें तें कोठेंच नाहीं. हिशेबाचीं दोन पानें चारही चिकटवह्यांत गेलीं. त्याच वहीच्या शेवटीं आत्याबाईंनीं आपल्या मनाचें कांहीं लिहिलें होतें. त्याची प्रत आम्हीं घेतली नाहीं; तीं पानें पांढऱ्या दोऱ्यानें बांधून पेटींत परत ठेवलीं. फलकावर वाड्याच्या दिंडीची कडी, सासूबाईंचा कांठ, पोस्टकार्डांच्या प्रती, खिडकीच्या कोरीव पट्टीचा तुकडा असें सर्व लागलें, आणि अगदीं खालच्या बाजूला, डावीकडून उजवीकडे, वातींची एक ओळ टांकली. तिच्याखालीं नांव नाहीं. पाहुण्याला ती नक्षी वाटते. घरच्या मुलांना ती काय आहे तें ठाऊक आहे.

अण्णांनीं आपला आक्षेप मागें घेतला नाहीं. मात्र त्यांच्या वांट्याची वही त्यांना दिली, त्यानंतर चार दिवसांनीं त्यांनीं ती आम्हांला दाखवावयास आणली. हिशेबाच्या पानाखालीं त्यांनीं आपल्या हातानें आत्याबाईंचें नांव लिहिलें होतें. माहेरचें पहिलें नांव, सासरचें नांव, वडिलांचें नांव, सगळें. आम्हां चौघी जावांपैकीं एकीलाही तें ठाऊक नव्हतें. आम्हीं ज्यांच्या हातचें जेवलों, त्या आम्हांला केवळ ‘आत्याबाई’ होत्या. तें नांव मग उरलेल्या तीनही वह्यांत अण्णांकडूनच लिहवून घेतलें.

ज्या कुटुंबांत अशी पेटी असेल त्यांना माझें एवढेंच सांगणें आहे कीं, घर मोडावयाची वाट पाहूं नये. दिवाळीच्या किंवा उन्हाळ्याच्या सुट्टींत मुलेंबाळें एकत्र जमतात, तेव्हां पेटी ओसरीवर आणावी. वृद्ध माणसांना मध्यें बसवावें, मुलांच्या हातीं खळीची वाटी आणि ब्रश द्यावा. प्रत्येक वस्तु हातांत घेऊन ती कोणाची, कोणत्या सालची, कोठून आली, हें विचारावें, आणि उत्तर त्याच दिवशीं पेन्सिलीनें पाकिटावर लिहावें. चित्र वांकडें लागलें तरी चिंता नाहीं, तें सरळ करतां येतें. सांगणारें माणूस गेलें म्हणजे मात्र उपाय राहत नाहीं. आणि पेटींतील फोटो मोजून झाले कीं, त्यांत कोण नाहीं तेंही एकदां मोजावें.

आमच्या चारही वह्यांच्या शेवटीं बारा बारा पानें कोरीं सोडलेलीं आहेत. गेल्या वर्षीं परदेशांतील पुतणीनें त्यांतील पहिल्या पानाचा मजकूर पाठविला. तिकडच्या घराच्या दाराचा फोटो, तिच्या मुलीनें काढलेली रांगोळी, आणि बर्फ पडत असतांना लावलेल्या निरांजनाचें चित्र. सोबत एक चिठ्ठी होती, “काकू, वात मीच वळली, थोडी जाड झाली आहे.” त्या पानाच्या चार प्रती करून आम्हीं त्या चारही वह्यांत लावल्या. अकरा पानें अजून शिल्लक आहेत.