कंदिलाची गोष्ट

गेल्या वर्षी माझे एक लहानसे पुस्तक छापून झाले. कयाधू नदीच्या काठी गेलेल्या बालपणाच्या आठवणी त्यात आहेत. ३०० प्रती घरी आल्या. त्या पलंगाखाली रचून ठेवल्या आणि वाचक आता आपणहून येतील, अशा भ्रमात मी महिनाभर बसून राहिलो. वाचक आले नाहीत. गठ्ठ्यांच्या आडोशाला आमचे मांजर तेवढे निजू लागले.

माझा पुतण्या हिंगोलीस शिकतो. तो म्हणाला, “काका, पुस्तक घरात ठेवून ते कोणाला कळणार? मी फेसबुकवर टाकतो.” त्याने मुखपृष्ठाचे छायाचित्र काढले आणि खाली दोन सरळ ओळी लिहिल्या. अकरा जणांनी अंगठा दाखवला. मराठीत अंगठा दाखवणे म्हणजे चक्क नकार देणे. तेथे मात्र त्याचा अर्थ पसंती असा होतो! त्या अकरांतही सातजण आमचे नातलगच होते.

मग पुतण्याने मला त्या माध्यमाची रीत समजावून दिली. ज्या मजकुरापाशी लोक थबकतात, ज्यावर बोलतात आणि जो पुढे धाडतात, तोच मजकूर तेथील यंत्रणा आणखी लोकांपुढे ठेवते. ज्यापाशी कोणी थांबत नाही, तो मागे पडतो. “म्हणून काका, लोकांनी थांबावे असे काहीतरी लिहायला हवे,” तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्याने तसे लिहिले. कंदिलाच्या उजेडात, उपाशीपोटी अभ्यास करून लेखक झालेल्या एका मुलाची ती कहाणी होती. कंदील खरा होता. उपास मात्र त्याने पदरचा घातला होता. मी तो मजकूर वाचला आणि, सांगताना आजही लाज वाटते, गप्प राहिलो.

आठ-दहा दिवसांत पलंगाखालचे गठ्ठे निम्मे झाले. पुण्याहून, नागपूरहून मागणी आली. ‘आपला संघर्ष थोर आहे’ असे अनोळखी माणसे कळवू लागली. खोटे कशाला बोलू? आरशात पाहताना मीही मला थोडासा थोर दिसू लागलो.

अशातच वसमतहून अक्काचा फोन आला. अक्का माझ्याहून सात वर्षांनी मोठी. तिला वाचता येत नाही. नातीने मोबाइलवरचा तो मजकूर तिला वाचून दाखवला होता.

“काय रे, मायनं तुला कधी उपाशी निजवलं होतं?”

“पुस्तक खपावं म्हणून लिहिलं गं, अक्का,” मी पुटपुटलो.

पलीकडून बराच वेळ शब्द आला नाही. मग ती म्हणाली, “दुसऱ्याच्या रानात हळद काढायला जायची ती. हाताची सालं निघायची. येताना पदरात पीठ आणायची अन् पहिली भाकर तुला वाढायची. आता लोक तिला काय म्हणतील?”

मला उत्तर सुचले नाही. मी त्याच दिवशी पुतण्याला दुरुस्ती लिहायला लावली आणि पहिला मजकूर पुसायला सांगितला. त्यानेही खाली मान घालून ते केले. परंतु पहिली कहाणी हजारोंनी वाचली होती. दुरुस्तीपाशी चाळीस माणसेही थांबली नाहीत. शिवाय लोकांनी ती कहाणी उचलून व्हॉट्सॲपच्या कुठल्या कुठल्या गटांत नेली होती. तेथे आमचा हात पोहोचेना.

मन रमेना, म्हणून एके दिवशी नर्सीस गेलो. हे संत नामदेवांचे जन्मगाव मानले जाते. माझ्या लहानपणी ते परभणी जिल्ह्यात मोडत असे. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी वेगळा झाला. नामदेवांची वाणी छापखान्यावाचून पंजाबपर्यंत गेली. शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदे आहेत. नामदेवांच्या वास्तव्याने पुनीत झालेल्या तिकडच्या घुमान गावी २०१५ साली मराठी साहित्य संमेलनही भरले. हे सारे एकाने ऐकावे आणि दुसऱ्यास सांगावे, अशा रीतीने घडले.

तोंडी गोष्टी फुगत नाहीत काय? फुगतात. नामदेवांच्या कीर्तनासाठी औंढा नागनाथाचे देऊळ फिरले, ही कथा प्रत्येक कीर्तनकार नवा रंग भरून सांगतो. मलाही ती फार आवडते. पण त्या रंगाने कोणाच्या आईला उणेपणा येत नाही. आणखी एक आठवले. याच नामदेवांनी आपल्या अभंगांतून ज्ञानेश्वरांचे चरित्र सांगितले. मी मात्र माझीच गोष्ट सांगायला बसलो होतो आणि तिच्यात मला मोठे करताना आई पुसली गेली होती.

त्या माध्यमावर मी सारा दोष ढकलत नाही. त्याच्याच योगाने परमुलखातील एका मुलीने मला कळवले, की तिच्या आजीची बोली तिला माझ्या पुस्तकात सापडली. तो आनंद खोटा नव्हता.

उरलेल्या प्रती मी पलंगाखालून बाहेर काढल्या. प्रत्येकीच्या पहिल्या पानावर शाईने लिहिले : ‘आमच्या आईने आम्हांस कधी उपाशी ठेवले नाही.’ पहिली प्रत घेऊन वसमतला गेलो. नातीने ती ओळ वाचून दाखवली. अक्काने पानावरून बोट फिरवले आणि विचारले, “अन् मायचं नाव कुठं आहे रे?”

साऱ्या पुस्तकात ते कोठेच नव्हते. मी खिशातून पेन काढले.