दातांवरचे डाग

मराठी भाषेने दातांना पुष्कळ राबविले आहे. रागावलेला मनुष्य दातओठ खातो, लोचट मनुष्य दात विचकतो, आणि शरण आलेला दाती तृण धरतो. एवढ्याने समाधान न होऊन सुशिक्षित मंडळींनी दातांवर आणखी एक काम लादले आहे, ते साक्षीदाराचे. दात डागाळलेले दिसले की त्यांचा धनी आळशी किंवा व्यसनी, आणि तो लहान असल्यास त्याची आई हलगर्जी, असा निकाल बसल्या जागी दिला जातो. साक्षीदाराची उलटतपासणी मात्र कोणी करीत नाही. ती येथे करण्याचे आम्ही योजिले आहे.

यवतमाळ जिल्ह्यातील एका खेड्यातून आलेला एक हुशार विद्यार्थी आमच्या वर्गात होता. हसताना तो तोंडावर हात धरी. त्याच्या दातांवर तपकिरी पट्टे होते, आणि वसतिगृहातील सोबत्यांनी ते तंबाखूच्या खाती जमा केले होते. एकदा तो आम्हांस म्हणाला, “सर, आमच्या गावात माझ्या वयाच्या साऱ्यांचेच दात असे आहेत. पाण्याला एकच हापशी होती.”

सोबत्यांना न सुचलेले कारण त्या एका वाक्यात आले होते. १९०१ साली अमेरिकेतील कोलोरॅडो स्प्रिंग्ज येथे फ्रेडरिक मॅके या तरुण दंतवैद्यास असेच दात आढळले. कोणी त्याचा दोष डुकराच्या मांसास देई, कोणी निकस दुधास. पुढे १९२३ साली मॅके आयडाहो राज्यातील ओकली गावी गेला. नवा नळ आल्यापासून तेथील मुलांचे दात डागाळू लागले होते. त्याच्या सल्ल्याने गावाने ते पाणी सोडले, आणि काही वर्षांत धाकट्या मुलांचे नवे दात स्वच्छ उगवू लागले. १९३१ साली चर्चिल या रसायनशास्त्रज्ञाने गुन्हेगार ओळखला: पाण्यातील अतिरिक्त फ्लोराइड.

परंतु पाणी हे एकच कारण नव्हे. दाताच्या कवचास दंतवल्क म्हणतात. शरीरात त्याहून कठीण पदार्थ नाही. तथापि ते घडविणाऱ्या पेशी दात हिरडीबाहेर येईपर्यंत नाहीशा होतात. मोडलेले हाड सांधते. दंतवल्कातील उणीव शरीराला भरून काढता येत नाही. दुधाच्या दातांचे दंतवल्क मूल गर्भात असतानाच बनू लागते. सहाव्या वर्षाच्या सुमारास दिसणाऱ्या पहिल्या कायम दाढेची घडण तर जन्माच्या आसपास सुरू होते. म्हणजे शाळेत जाताना दिसणारा डाग पाळण्यातला असू शकतो. अपुऱ्या दिवसांचा जन्म, जन्मवेळी गुदमरणे, तान्हेपणीचे ताप व आजार, कुपोषण, ड जीवनसत्त्वाची उणीव, दुधाच्या दातास लागलेला मार, क्वचित आनुवंशिकता, यांपैकी कशाचाही तो ठसा असेल. दाढा व पुढचे दात यांच्या अशा एका विकारास २००१ साली स्वतंत्र नाव मिळाले. पण त्याचे एकच एक कारण अद्याप ठरलेले नाही. मग तज्ज्ञांस जे ठरविता आलेले नाही, ते शेजारणीने जिन्यात उभ्या उभ्या ठरवावे आणि त्या मुलाच्या आईने रात्रभर जुनी दुखणी आठवीत स्वतःस दोष द्यावा, हा कोणता न्याय?

यात आणखी एक उलटा प्रकार आहे. सदोष दंतवल्काच्या दाढेस गार पाणी झोंबते, ब्रशही सोसत नाही. म्हणून मूल तेथे घासण्याचे टाळते आणि दाढ लवकर किडते. लोकांस दिसते ते एवढेच, की मूल दात घासत नाही! कित्येकदा न घासणे हे दुखण्याचे कारण नसून त्याचा परिणाम असतो.

तेव्हा पांढरट, पिवळट अथवा तपकिरी चट्ट्याची दाढ उगवताच मुलास न रागावता ती दंतवैद्यास दाखवावी. वेळीच लेप देऊन ती पुष्कळदा वाचविता येते. आणि जेथे गावातील साऱ्याच मुलांचे दात डागाळलेले असतील, तेथे दंतमंजनावर व्याख्यान देण्यापूर्वी हापशीचे पाणी तपासून घ्यावे.