हिरवळ राखणाऱ्याचा मुलगा

येरवड्याच्या गोल्फ क्लब चौकातून जाताना कुंपणापलीकडचं गवत दिसतं. कितीतरी वर्षं ते मी बसच्या खिडकीतून पाहत आलो. नजर खेळणाऱ्यावर कधी फार ठरली नाही. ठरायची ती त्याच्या मागून पिशवी खांद्याला लावून चालणाऱ्या कॅडीवर. वारा कुठून येतोय, गवत कुठल्या अंगाला झुकलंय, इथून कुठली काठी हातात द्यायची, हे सगळं त्याला ठाऊक. खेळ मात्र दुसऱ्याचा.

*

एस. एस. पी. चौरासिया, म्हणजे शिवशंकर प्रसाद. जन्म १९७८, कोलकाता. वडील रॉयल कलकत्ता गोल्फ क्लबात हिरवळ राखायचे. क्लब १८२९ सालचा, ब्रिटिश बेटांबाहेरचा जगातला सर्वांत जुना. पोरगा त्याच गवताच्या कडेला वाढला, कॅडी झाला, पाहून पाहून खेळ शिकला आणि १९९७ मध्ये व्यावसायिक झाला. त्याचं आयुष्य एवढ्या चार ओळींत मावतं असं वाटतं, पण त्यातल्या 'पाहून पाहून' या दोन शब्दांपाशी मी थांबतो.

*

सहकाऱ्यांनी त्याच्या आडनावाचं 'चिप-पट-सिया' करून टाकलं. चिप म्हणजे ग्रीनच्या, भोकाभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीच्या, कडेवरून चेंडू अलगद उचलून झेंड्याजवळ टाकणं. पट म्हणजे ग्रीनवरून तो भोकात ढकलणं. दोन्हींत हा उस्ताद.

हे कौशल्य त्याच्यातच का आलं असेल? लांब फटका शिकायला मोकळं मैदान लागतं, वेळ लागतो, चांगली काठी आणि ढीगभर चेंडू लागतात. चिप मारायला ग्रीनच्या कडेची दहा हात जागा आणि कुणाची तरी जुनी काठी पुरते. ज्याला मैदानाचा काठच मिळतो, तो काठावरचा खेळ घोटून घेतो, असं मला वाटतं. आणि हिशेब पाहिला तर गोल्फमध्ये काठ लहान नाही. पार ७२ च्या, म्हणजे बहात्तर फटक्यांत संपवणं अपेक्षित असलेल्या, मैदानावर प्रत्येक होलसाठी दोन पट धरलेले असतात. अठरा दुणे छत्तीस. अर्धा खेळ ग्रीनवरच होतो.

*

फेब्रुवारी २००८, दिल्ली गोल्फ क्लब, इंडियन मास्टर्स. एकूण बक्षीस २५ लाख डॉलर, मैदानात अर्नी एल्ससारखा दिग्गज. जिंकला चौरासिया, दोन फटक्यांनी. युरोपियन टूर या व्यावसायिक स्पर्धामालिकेत जिंकणारा तो तिसरा भारतीय. त्याच्या आधी अर्जुन अटवाल आणि जीव मिल्खा सिंग.

दिल्लीचं ते मैदान समजून घ्यायला हवं. मधूनमधून जुन्या कबरी आणि घुमट, मोर हिंडतायत, आणि फेअरवे, म्हणजे ग्रीनपर्यंतची कापलेल्या गवताची वाट, अगदी अरुंद. दोन्ही बाजूंना दाट झुडपं. चेंडू त्यांत शिरला की एखादा फटका गेलाच समजा. तिथे ताकदवान माणूससुद्धा ड्रायव्हर ही लांब फटक्याची काठी पिशवीत ठेवून लहान काठी काढतो. असं मैदान सरळ मारणाऱ्याचं, धीर धरणाऱ्याचं.

*

कॅडीपासून खेळाडूपर्यंतचा हा मार्ग चौरासियाच्या आधीही कुणी चालून गेलं होतं. दिल्लीचा अली शेर, तोही कॅडीच. १९९१ मध्ये इंडियन ओपन जिंकणारा पहिला भारतीय व्यावसायिक. १९९३ मध्ये पुन्हा जिंकला. महूचा मुकेश कुमार तर एक्कावन्नाव्या वर्षी, २०१६ च्या डिसेंबरात, एशियन टूरवर पहिल्यांदा जिंकला. ही नावं आपल्या पोरांना पाठ असायला हवीत.

*

इंडियन ओपनमध्ये चौरासियाची दुसरी जागा : १९९९, २००६, २०१३, २०१५.

१९९९ ला तो एकवीस वर्षांचा, आणि स्पर्धा त्याच्या घरच्या मैदानावर, रॉयल कलकत्त्यात. २०१५ ची हार सर्वांत अवघड. शेवटच्या दिवशी सकाळी भारताचाच अनिर्बान लाहिरी त्याच्या सात फटके मागे होता. संध्याकाळी दोघं बरोबरीत. बरोबरी फोडणाऱ्या प्लेऑफच्या पहिल्याच होलवर लाहिरी जिंकला.

गोल्फमध्ये प्रतिस्पर्धी तुमच्या चेंडूला हात लावू शकत नाही. आघाडी गळते ती आपल्याच हातून, एकेक फटक्यानं, आणि दोन फटक्यांच्या मधे लांबच लांब चालत राहायचं असतं. ते चालणं मला फार कठीण वाटतं.

मार्च २०१६, पुन्हा दिल्ली, पुन्हा इंडियन ओपन. चौरासिया जिंकला, दोन फटक्यांनी. दुसऱ्या जागेवर जे दोघं राहिले, त्यांतला एक लाहिरी.

पुढच्याच वर्षी स्पर्धा गुडगावला, जुना दिग्गज गोल्फपटू गॅरी प्लेअरनं नव्यानं घडवलेल्या डीएलएफच्या अवघड मैदानावर. तिथे तो सात फटक्यांनी जिंकला. सात हा आकडा वाचून मला २०१५ आठवलं. त्यालाही आठवलं असेल का?

*

युरोपियन टूरवरचे त्याचे चारही विजय भारतातले. यावर नाक मुरडणारे भेटतात. मला ते पटत नाही. परदेशी मैदानं लांब, लांब फटका मारणाऱ्यांना झुकतं माप देणारी; शिवाय तिथवर जायचं-राहायचं स्वतःच्या खर्चानं. दोन दिवसांनंतरच्या कटमध्ये, म्हणजे पुढे खेळणाऱ्यांच्या यादीत, नाव नसलं की हाती काही पडत नाही, विमानाचं भाडं मात्र गेलेलंच. तरी २०१६ च्या नोव्हेंबरात मनिला मास्टर्स त्यानं जिंकलीच.

*

रिओ, २०१६. ११२ वर्षांनी गोल्फ ऑलिंपिकमध्ये परतला, आणि भारताकडून पुरुषांत दोघं : लाहिरी आणि चौरासिया. चौरासिया पन्नासाव्या जागेवर. पुढच्या वर्षी अर्जुन पुरस्कार. टोकियोला लाहिरीच्या जोडीला आपल्या पुण्याचा उदयन माने होता.

*

एकदा एका ओळखीच्या गृहस्थांबरोबर सकाळी लवकर मैदानावर गेलो होतो. अजून दव होतं. ग्रीनवर माळी एकटाच. रोज भोकाची जागा बदलतात हे मला तेव्हा कळलं. त्यानं गोल पात्याचं हत्यार मातीत फिरवून दाबलं, साडेदहा-अकरा सेंटिमीटर रुंदीची गवतासकट ढेप उचलली आणि कालच्या भोकात नीट बसवली. पायानं हलकेच दाबली. मग खाली वाकून, हाताच्या उलट्या बाजूनं, सांधा लागतोय का ते पाहिलं.