तळहात उचलल्यानंतर

मेटल वाजवणारा बँड गॉथिक रॉककडे वळू लागला की पहिला खरा बदल गिटारवादकाच्या उजव्या तळहातात होतो. काळा पेहराव, डोळ्यांतले काजळ आणि की-बोर्डवरचे ऑर्गनचे सूर या नंतरच्या गोष्टी असून त्यांच्यावाचूनही हा प्रवास पुरा होऊ शकतो. मेटलचा रिफ, म्हणजे गाणे जिच्यावर उभे असते ती गिटारची लहान, पुन्हा पुन्हा येणारी स्वराकृती, पुष्कळदा तळहाताची कड ब्रिजपाशी तारांवर टेकवून वाजवला जातो. या रीतीला पाम म्यूट म्हणतात. तिच्यात तार झंकारण्याआधीच दबते, आणि डिस्टॉर्शनमधून, म्हणजे स्वर मुद्दाम खरखरीत करण्याच्या प्रक्रियेतून, बाहेर पडणारा तो तुटक, जाड स्वर ड्रमच्या ठोक्याला चिकटून चालतो. गॉथिक रॉकमध्ये तोच तळहात उचलावा लागतो, कॉर्डमधले स्वर एकेक करून छेडावे लागतात आणि पुढचा स्वर आला तरी मागचा विझू न देता दोघांना एकमेकांत मिसळू द्यावे लागते. ही कृती शिकायला सोपी आणि पत्करायला कठीण आहे, कारण वादकाने वर्षानुवर्षे जी ताकद कमावलेली असते तीच बाजूला ठेवण्याची मागणी ती करते.

गॉथिक रॉक घडला तो पंकनंतरच्या इंग्लंडमध्ये. बाउहाउस या बँडचे 'बेला लुगोसीज डेड' हे 1979 सालचे गाणे नऊ मिनिटांहून अधिक चालते आणि तरीही त्यात वाजणाऱ्या गोष्टी मोजक्या आहेत. 1980 मध्ये लीड्स शहरात उभ्या राहिलेल्या सिस्टर्स ऑफ मर्सीने तर ड्रमरच्या जागी ड्रम मशीन बसवून त्याला डॉक्टर अ‍ॅव्हेलान्श असे नाव दिले. या परंपरेत धून बहुधा बेस गिटार वाहते, गिटार तिच्याभोवती कोरस आणि रिव्हर्ब यांनी पसरवलेले सूर सोडते (कोरस म्हणजे मूळ स्वराची किंचित हलती प्रत त्याच स्वरात मिसळणे आणि रिव्हर्ब म्हणजे मोठ्या वास्तूतला घुमारा कृत्रिमरीत्या देणे), आणि गायक खालच्या पट्टीत, जवळजवळ बोलल्यासारखा गातो. मेटलमध्ये मात्र बेस बऱ्याचदा गिटारच्याच रिफची खालच्या सप्तकातली सावली होऊन राहते, आणि गिटार खाली उतरवून लावलेली असली की ती बेसचीही जागा व्यापते.

या दोन प्रकृतींना एकत्र आणण्याचे सर्वांत धाडसी काम इंग्लंडमधल्याच हॅलिफॅक्सच्या पॅरडाइज लॉस्टने केले. 1991 च्या 'गॉथिक' या अल्बममध्ये निक होम्सचा गुरगुरता आवाज आणि संथ, जड गिटार यांच्या जोडीला स्त्रीस्वर आणि वाद्यवृंदाचा आभास आला. पुढे 1993 चा 'आयकॉन' आणि 1995 चा 'ड्रॅकोनियन टाइम्स' यांत गुरगुर मागे पडून गायन आले, 1997 च्या 'वन सेकंड'मध्ये की-बोर्ड पुढे सरकले आणि 1999 च्या 'होस्ट'मध्ये मेटलची गिटार जवळपास नाहीशीच झाली. जुने श्रोते 'होस्ट'वर नाराज झाले. बँडच्या कारकिर्दीकडे आज मागे वळून पाहिले तर ही नाराजी अन्यायाची वाटते, कारण ग्रेगर मॅकिंटॉशच्या गिटारमधली ती लांबवलेली, रडवेली धून पहिल्यापासून हेच मागत होती. पुढे 2015 च्या 'द प्लेग विदिन'मध्ये गुरगुर परत आणणाऱ्या होम्सने आणि मॅकिंटॉशने 2023 मध्ये 'होस्ट' याच नावाने स्वतंत्र प्रकल्प केला, तेव्हा ते वळण बाजारासाठी घेतलेले नव्हते हे उघड झाले.

स्वीडनच्या कॅटाटोनियाचे उदाहरण गायकांनी विशेष अभ्यासावे असे आहे. योनास रेंक्से याला गुरगुरणे झेपेनासे झाल्यावर 1996 च्या 'ब्रेव्ह मर्डर डे'साठी ओपेथच्या मिकाएल ओकरफेल्टने तो आवाज दिला, आणि 1998 च्या 'डिस्करेज्ड वन्स'मध्ये रेंक्से स्वतःच साध्या, थकल्यासारख्या स्वरात गाऊ लागला. म्हणजे गळ्याची मर्यादा हीच नव्या शैलीचे दार ठरली. ग्रोल, अर्थात मेटलमधली गुरगुर, स्वरतंतूंच्या वर असणाऱ्या मांसल पट्ट्यांच्या कंपनातून निघते आणि तिच्यात स्वर नेमका कुठे लागला हे फारसे उघडे पडत नाही. गॉथिक गायनात ती सोय नसते. मंद्र सप्तकात उतरलेला आवाज श्वास अपुरा पडला की हलतो, आणि सूर निसटला तर त्याला झाकायला मागे आवाजाची भिंत नसते. महाराष्ट्रातल्या गायकाला यासाठी परदेशी शिक्षक शोधण्याचे कारण नाही, कारण पहाटे खर्ज भरण्याचा, म्हणजे मंद्रातल्या षड्जावर लांब श्वासाने स्थिरावण्याचा रियाज याच कामाचा आहे, आणि मेटलच्या गायकांनी त्याच्याकडे आजवर द्यायला हवे होते तेवढे लक्ष दिलेले नाही.

मुंबईच्या मेटलचा इतिहास या वळणासाठी तयार आहे असे म्हणता येते, जरी तो आजवर मुख्यतः वेगाचा आणि भाराचा इतिहास राहिला. 1986 मध्ये धोबीतलावच्या रंगभवनात सुरू झालेल्या इंडिपेंडन्स रॉकने शहराला रॉकचे खुले व्यासपीठ दिले. शांतता क्षेत्राच्या नियमांमुळे रंगभवन बंद पडल्यावर हा महोत्सव पुढे अंधेरीच्या चित्रकूट मैदानावरही भरला, आणि अशा रीतीने मेटलचा श्रोता जिथे राहत होता त्या उपनगरांपर्यंत रंगमंचही सरकला. साहिल मखीजा याने 2000 मध्ये स्थापन केलेल्या डिमॉनिक रेझरेक्शनला 2010 मध्ये 'मेटल हॅमर' मासिकाच्या गोल्डन गॉड्स सोहळ्यात ग्लोबल मेटल पुरस्कार मिळाला. या बँडच्या 2005 च्या 'अ डार्कनेस डिसेंड्स'मध्ये की-बोर्डचे भव्य सूर आणि स्वच्छ गायनही आहे, तरी तो गॉथिक झाला नाही आणि त्याला तसे व्हायचेही नव्हते, कारण त्या सुरांखाली ड्रमची झड आणि गिटारची घट्ट वीण जशीच्या तशी राहिली. नव्या वादकांनी हा भेद कान देऊन ऐकावा: की-बोर्ड मिळवल्याने मेटल अधिक विशाल होते, गॉथिक होण्यासाठी काहीतरी वजा करावे लागते.

ही वजाबाकी प्रत्यक्षात कशी होते हे तासाच्या भाड्याने मिळणाऱ्या उपनगरी जॅमरूममध्ये दिसते. समजा, मिनिटाला एकशे ऐंशी ठोक्यांच्या लयीतला, ई मायनरमधला दबका रिफ आहे. तोच एकशे वीसवर आणून, हात उचलून, सुटा सुटा छेडला की सर्वप्रथम नॉइज गेट आडवा येतो. नॉइज गेट हे उपकरण ठरावीक पातळीखालचा आवाज कापून टाकते, त्यामुळे मेटलच्या तुटक रिफमध्ये दोन आघातांमधली जागा स्वच्छ राहते; पण विझत जाणाऱ्या स्वराची शेपटीही ते तितक्याच निर्दयपणे कापते, आणि ती शेपटी हाच तर इथला ऐवज असतो. गेट काढावा तर अर्थिंग नीट नसलेल्या जुन्या इमारतीतली विजेची घरघर ऐकू येऊ लागते, जी एरवी डिस्टॉर्शनच्या गर्दीत कोणाच्या लक्षातही आलेली नसते. उपाय अनेक आहेत, जसे डिस्टॉर्शन निम्म्यावर आणणे, घरघर कमी पकडणारे हंबकर पिकअप वापरणे, केबली बदलणे, गेटची पातळी अगदी खाली ठेवणे. परंतु या सगळ्यांतून वादकाला खरे मिळते ते हे, की तो पहिल्यांदाच आपल्या स्वराचा शेवट ऐकू लागतो.

ड्रमरची कसोटी याहून अवघड आहे. दोन्ही पायांनी डबल पेडलवर सोळांश वाजवण्याची मेहनत ज्याने केली त्याला एका पायाने सरळ चौका धरून, झांजा कमी करून टॉमवर फिरत राहण्यात कौशल्य कमी झाल्यासारखे वाटते, वास्तविक या रिकाम्या ठेक्यात एक ठोका जरी मागेपुढे झाला तरी तो सर्वांना कळतो. मुलुंड किंवा बोरिवलीच्या फ्लॅटमध्ये, शेजाऱ्यांच्या भिंतीला भिंत लागलेली असताना, ड्रमसेट मांडणे शक्य नसते, आणि म्हणून इथे ड्रम मशीनला प्रतिष्ठा मिळायला हवी: हेडफोन लावून रात्री उशिरापर्यंत तिच्याबरोबर वाजवणाऱ्या ड्रमरला तिच्या निर्विकार लयीतला गारवा अंगी बाणवता येतो, आणि तो गारवा माणसाच्या हातातून आला की गाण्याचे सौंदर्य कितीतरी वाढते.

बेसवादकाच्या वाट्याला मात्र या वळणावर निखळ आनंद येतो. गिटारने खालची जागा मोकळी केली, बास ड्रमचा मारा विरळ झाला, की बेसची धून बाराव्या पडद्याच्या आसपास चढून गाऊ शकते. म्हणून वळू पाहणाऱ्या बँडने गाणे रचण्याचा क्रमच बदलावा, जुना रिफ आधी आणि बाकी सारे त्याच्यावर ही सवय मोडून पहिल्या बैठकीत फक्त बेस, ड्रम मशीन आणि गायक यांना बसवावे, आणि गिटारवादकांनी त्या दिवशी वाद्य पिशवीतून न काढता ऐकत राहावे.