एक नंबरची हवा

गाडीतला एसीचा पंखा एक, दोन, तीनवर गप्प आणि फक्त चारवर सुसाट फिरत असेल, तर बहुतेक वेळा दोष गॅसचा नसतो. ब्लोअरचा रेझिस्टर गेलेला असतो. कमी वेगासाठी तो वीज अडवतो आणि तिची उष्णता स्वतःवर घेतो. चार नंबरला वीज त्याला वगळून थेट मोटरकडे जाते, म्हणून तेवढा एकच वेग उरतो.

चंडीगडचा जून. पारा चाळिशीपार. आईला केमोसाठी पीजीआयला न्यायचं होतं. चारचा गार झोत तिला सोसवेना, आणि पंखा बंद केला की जीव गुदमरे.

मनीमाजऱ्याच्या मोटर मार्केटमधून नवा रेझिस्टर आणला. घरीच बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवली, डॅशबोर्डचा खण उतरवला. दोन स्क्रू, एक प्लग. गॅसच्या नळ्यांना हात लावायचा नव्हताच. ते घरचं काम नव्हे. जुना रेझिस्टर करपला होता. हवेच्या वाटेतला फिल्टर धूळ-पाचोळ्याने तुंबलेला. वाऱ्यानेच गार होणारी वस्तू वाऱ्यावाचून जळाली असावी. फिल्टरही बदलला.

सकाळी मध्य मार्गाला लागलो. आई म्हणाली, “एकवरच राहू दे रे.” सेक्टर बारा येईपर्यंत तिचा डोळा लागला होता.