कोण कोणासाठी थांबलंय

'दादा, यावर सायबरपंक चालेल ना?' मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर हा प्रश्न दिवसभर कानावर पडतो आणि उत्तर बहुधा खोक्यावरचं वाचूनच दिलं जातं: आय-सेव्हन आहे, १६ जीबी रॅम आहे, कार्ड आहे, म्हणजे पळणारच. मी गेमिंग मशीन जुळवतो. मला हे उत्तर मान्य नाही.

सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील तर एका फ्रेमला जेमतेम १६.७ मिलिसेकंद मिळतात; १४४ साठी सातसुद्धा नाहीत. तेवढ्यात प्रोसेसरने रस्त्यावर कोण कुठे आहे, गोळी कुठे लागली याचा हिशोब मांडायचा आणि ग्राफिक्स कार्डाने ते चित्र रंगवायचं. जो मागे पडेल, त्याच्या चालीने गेम चालतो. म्हणून मशीन समोर आलं की मी आधी शोधतो, इथे कोण कोणासाठी थांबलंय?

व्ही-सिंक (फ्रेम पडद्याच्या वेगाला बांधणारी सेटिंग) आणि फ्रेमची मर्यादा बंद करतो, नाहीतर आकडे फसवतात. मग आफ्टरबर्नर या मोजणाऱ्या सॉफ्टवेअरचे आकडे पडद्याच्या कोपऱ्यात लावून सायबरपंकच्या नाइट सिटीत जिथे गर्दी दाट, तिथे गाडी दामटतो. कार्डाचा वापर ९७-९८ टक्के दिसला तर कार्ड पूर्ण राबतंय. वापर ६० टक्क्यांवर घुटमळतोय आणि फ्रेमही कमीच, तर खात्रीसाठी रिझोल्यूशन १४४० वरून १०८० वर आणायचं. तरीही फ्रेम वाढल्या नाहीत, तर कार्डाचा दोष नाही. अशा गिऱ्हाइकाला नवं कार्ड विकणं मला अन्याय वाटतो. पुष्कळदा आत रॅमची एकच पट्टी असते. दोन जुळ्या पट्ट्या योग्य स्लॉटमध्ये बसवल्या, बायोसमध्ये एक्सएमपी (रॅमला तिच्या जाहीर वेगाने चालवणारी सेटिंग) चालू केलं, की त्याच प्रोसेसरला दम येतो.

सरासरीवर माझा भरवसा कमी. मी बघतो 'वन पर्सेंट लो', म्हणजे सगळ्यांत सुस्त एक टक्का फ्रेमचा वेग. सरासरी ८० आणि लो २५ असेल तर ऐन वळणावर पडदा अडखळणार. त्यापेक्षा सरासरी ६० आणि लो ५० देणारं मशीन खेळायला कितीतरी सुखाचं.

कार्डाच्या मेमरीचं वेगळंच. आरटीएक्स ३०६० मध्ये १२ जीबी, आणि तिच्याहून वेगवान ३०६० टीआयमध्ये आठच. टेक्स्चर अल्ट्रावर नेले आणि ती आठ भरली, की जास्तीचा माल रॅममध्ये जातो आणि झटके सुरू होतात. टेक्स्चर एक पायरी खाली आणले तर चित्रात फारसा फरक दिसत नाही, झटके मात्र थांबतात. काही ठिकाणी तर सेटिंगचा उपायच नसतो. २०२४ च्या 'इंडियाना जोन्स' गेमला रे ट्रेसिंगचं हार्डवेअर लागतंच. ११ जीबीची १०८० टीआय, एकेकाळची राणी, तिथे दारातच अडते.

आणि हे सगळं गार मशीनवर तपासून उपयोग नाही. मेच्या दुपारी, कॅबिनेटची दारं लावून, अर्धा तास खेळल्यावर जे आकडे टिकतात तेच मी धरतो. लॅपटॉपमध्ये तर उष्णतेचं गणित फारच कडक. आरटीएक्स ३०५० हेच नाव कुठे ३५ वॉटवर मिळतं, कुठे ८० वर, आणि जाहिरातीत तो आकडा बहुधा नसतोच. मुलासाठी लॅपटॉप घ्यायला निघालेल्या आईवडिलांना मी आधी तेवढे वॉट विचारून यायला सांगतो.