बुटीबोरीहून दादाला

बुटीबोरी, मंगळवार रात्र

प्रिय दादा,

सुखरूप पोचलो. वणीपासून वरोऱ्यापर्यंत कोळशाच्या ट्रकांमागे रांगत आलो. जामला हैदराबादचा हायवे लागला, तेव्हा कुठे आयशर ट्रकने वेग धरला. ट्रॅक्टर दोरांनी करकचून बांधला होता, चाकांना ठोकळे लावले होते, तरी दर गतिरोधकाला मी केबिनच्या मागच्या काचेतून पाहत होतो. नाल्याच्या उतारावर गिअर निसटला, ब्रेक लागेना आणि तू भरल्या ट्रॉलीसकट ट्रॅक्टर पऱ्हाटीत घातलास, तो दिवस डोळ्यांपुढून जात नाही.

मिस्त्रीकाकांचं दुकान एमआयडीसीच्या कडेला आहे, शेजारी लेथवाला. त्यांनी आधी बॉनेटवर हात ठेवला. "बी-२७५! आता कमीच दिसते जी." इंटरनॅशनल हार्वेस्टर, महिंद्रा आणि व्होल्टास यांनी १९६३ मध्ये एकत्र येऊन जी कंपनी काढली, तिचा हा ट्रॅक्टर. १९७७ मध्ये ती कंपनी महिंद्रात विलीन झाली. पुढे अमेरिकेतल्या मूळ कंपनीने शेतीचा धंदाच विकला, पण २७५ हा आकडा महिंद्राच्या नव्या बॉनेटांवर अजून आहे. काका म्हणतात, या ट्रॅक्टरचे सुटे भाग अजून मिळतात. मला हायसं वाटलं.

आपण ठरवलं होतं तसं मी विचारलं, की नव्या ट्रॅक्टरसारखे तेलातले ब्रेक बसवता येतील का. ते म्हणाले, "आधी जुने काहून गेले, ते तर पाहू." उद्या उघडणार आहेत.

बुटीबोरी, गुरुवार

दादा,

ब्रेक उघडले. मूळ कारण सापडलं, आणि ते ब्रेकमध्ये नव्हतंच.

आपल्या ट्रॅक्टरचे ब्रेक चाकात नाहीत. ते डिफरन्शिअलच्या दोन्ही बाजूंना, पिनियनच्या शाफ्टवर आहेत. पिनियन मोठ्या बुल गिअरला फिरवतं, बुल गिअर चाकाला. म्हणजे पेडल दाबलं की पकड आधी शाफ्टला बसते आणि दात्यांतून चाकापर्यंत जाते. म्हणून तर एवढ्याशा डिस्क एवढं मोठं चाक थांबवतात. पण मधले दाते तुटले, की डिस्क कितीही नवी असो, चाक मोकळं. काकांनी म्हणूनच दोन्ही बाजूंचे बुल गिअर दात्यादात्याने तपासले. दाते शाबूत आहेत. डावीकडचं एक बेअरिंग मात्र घुमतंय, ते बदलणार.

ब्रेकचं पुडकं त्यांनी माझ्या हातात दिलं. दोन लोखंडी चकत्या, त्यांच्यामध्ये पोलादी गोळ्या. प्रत्येक गोळी एका उतरत्या खाचेत बसलेली. पेडल दाबलं की चकत्या एकमेकींवर थोड्या फिरतात, गोळ्या खाचेतून वर चढतात आणि चकत्यांना बाहेर ढकलतात. त्या लायनिंगवर दाबल्या जातात. मी हाताने फिरवून पाहिलं. चार खाचांत गोळी सरसर चढली, पाचवीत अडकली. तिथे गोळीने खड्डा पाडला होता, नखाला लागेल एवढा. म्हणून पेडल सोडल्यावर ते वर यायला वेळ घ्यायचं. ती जोडी आता नवीन घालायची.

पण लायनिंग तेलाने माखलेली होती, दोन्ही बाजूंची. आपण गेल्या दोन वर्षांत दोनदा नवी घातली, आठवतं? त्या गॅरेजवाल्याने दर वेळी लायनिंग बदलली, तेल कुठून येतं ते पाहिलंच नाही. काकांनी गिअरबॉक्सच्या झाकणावरचा ब्रीदर काढून माझ्यापुढे धरला. भोक काळ्या मातीने गच्च बुजलेलं. चालून चालून आतलं तेल तापतं, हवा फुगते. तिला वरून वाट मिळाली नाही, की ती सीलमधून तेल बाहेर ढकलते आणि ते थेट ब्रेकवर येतं. "त्याले श्वास घेऊ द्या बावा," एवढंच म्हणाले. मला इतकी चीड आली! मळणीच्या वेळी आपण रेडिएटरची जाळी रोज झाडतो, पण इकडे कुणी बोट लावलं नाही.

गिअर निसटायचं कारणही झाकणाखालीच होतं. फोर्कच्या दांड्याला जागेवर धरणारी स्प्रिंग झिजून अर्धी झालेली. उतारावर ओझं मागून रेटतं, तेव्हा दात्यांवरचा ताण उलटतो, आणि दांडा धरून ठेवणारं काही नसलं की गिअर न्यूट्रलला येतो.

तेलातले ब्रेक नाही बसवायचे. त्यासाठी सगळं हाउसिंग बंद लागतं, लायनिंग वेगळी, तेल वेगळं. या हाउसिंगमध्ये ते नीट बसायचं नाही. चांगल्या प्रतीची बिनॲस्बेस्टॉसची लायनिंग, नवे सील, नव्या गोळ्या-चकत्या, नवी स्प्रिंग, इतकी सुधारणा पुरे. जुन्या लायनिंगची धूळ काकांनी कॉम्प्रेसरने उडवली नाही, ओल्या फडक्याने पुसली. तूही घरी तसंच कर.

बुटीबोरी, शनिवार

दादा,

आज मोकळ्या प्लॉटवर चाचणी घेतली. डाव्या-उजव्या ब्रेकची दोन्ही पेडलं पट्टीने जोडली, तिसऱ्या गिअरमध्ये सोडला आणि दाबलं. मुरमावर दोन ओरखडे उठले. उजवा हातभर लांब, डावा वीतभर. काकांनी डावीकडचा नट अर्धा फेरा आवळला, पुन्हा चालवायला लावलं. मग आणखी पाव फेरा. चौथ्या वेळी ओरखडे बरोबरीने आले, तेव्हा खाली वाकून त्यांनी दोरीने मोजले.

सोमवारी निघतो. पट्टी लावल्याशिवाय रस्त्यावर काढायचा नाही आणि उतारावर क्लच दाबायचा नाही, हे तू मला सांगायचास. आता मी तुला सांगतो. आईला म्हणावं, नाल्याच्या वाटेने पहिल्यांदा मी चालवणार, रिकामी ट्रॉली घेऊन. तिने बांधावर उभं राहू नये, घरीच थांबावं.

तुझा धाकटा